शिरूरचं तिकीट

माझ्या हातून आयुष्यात ज्या चुका झाल्या, त्यांतली सगळ्यांत मोठी मी खडूने केली. आमच्या शिरूरच्या शाळेत खेळाच्या सामानाची एक खोली होती. तिच्या दाराच्या चौकटीवर मी एक आडवी रेघ मारून ठेवली होती. जिचं डोकं रेघेला लागेल ती बास्केटबॉलच्या संघात. जिचं लागणार नाही तिने लंगडी खेळावी, रांगोळी काढावी, मला काही विचारू नये. तेव्हा मी पंचेचाळिशीच्या आसपास होते. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आणि आख्ख्या तालुक्यात बास्केटबॉल फक्त मला कळतो अशी बालंबाल खात्री. आज ती बाई मला रस्त्यात भेटली, तर तिच्याच शिट्टीने मी तिचे कान किटवीन.

त्या रेघेपायी मी प्रज्ञा देऊन टाकली.

प्रज्ञा मूळची राहू गावची. आईवडील दुसऱ्यांच्या रानात मजुरीला, म्हणून ही शिरूरला मावशीकडे, बुद्धविहाराच्या मागच्या आळीत राहून शिकायची. रेघेच्या चांगली वीतभर खाली. संघात एक जागा रिकामी राहत होती म्हणून मी तिला नाइलाजाने घेतलं, आणि घेतल्यापासून ती माझ्या डोळ्यांत खुपत होती. एक तर बुटकी, त्यात प्रश्न विचारायची. "बाई, बॉल माझ्याकडं नसंल तवा मी काय करायचं?" मी म्हणायची, "गप उभं राहायचं." हे माझं प्रशिक्षण.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत एक अश्विनी होती. इंजिन-ड्रायव्हरची मुलगी, ताडमाड वाढलेली. मैदानाच्या कडेने ती चालत गेली तरी मला तिच्या डोक्याच्या मागे आमची चौकट दिसायची. त्या वर्षी मला तिच्याशिवाय काही सुचेना. शेवटी मीच दौंडला गेले आणि तिथल्या क्लबच्या मॅनेजर बाईंपुढे अदलाबदलीचा विषय काढला. तुमची उंच आम्हाला द्या, आमची बुटकी तुम्ही घ्या, दोन्हीकडून ना-हरकत, विषय संपला. मॅनेजर बाई बडीशेप चघळत माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नीट बघून घ्या, बाई. खिडकी सोडल्यावर तक्रार चालणार न्हाई."

त्या दौंड स्टेशनवर तिकिटं द्यायच्या. त्यांचं नाव रशीदा आपा. मी या लेखात तिला अरेतुरे करणार आहे, कारण तोंडावर कधी करता आलं नाही.

परत येताना मी एसटीत खिडकीशी बसून एकटीच हसत होते. न्हावऱ्याला गाडी थांबली तेव्हा भजी घेऊन खाल्ली. आनंदाची भजी. त्यांची चव आजही तोंडात कडू आहे.

कारण अश्विनी पहिल्याच दिवशी, अंगावर बॉल आला की डोकं झाकून खाली बसायला लागली. लहानपणापासून घरीदारी तिला एकच ऐकवलेलं, "वाकून चाल गं, कोण करून घेईल तुला?" त्यामुळे ती उभी असताना प्रश्नचिन्हासारखी दिसायची. एवढी उंची आणि ती सगळी पाठीत घडी घालून ठेवलेली. दुसरी कुणी असती तर तिने ती घडी हळूहळू उलगडली असती. मी काय केलं? सगळ्या पोरींसमोर ओरडले, "अगं ए ताडमाड, वरून काही दिसतं का नाही?" पोरी हसल्या. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली ती परत आली नाही.

त्या हिवाळ्यात यवतच्या स्पर्धेत दौंडने आम्हाला हरवलं. दरवर्षी तिथे आसपासच्या गावांचे मुलींचे संघ यायचे. आमच्या रेघेला डोकी लागलेल्या पोरी हात वर करून उभ्या, आणि त्यांच्या काखेखालून प्रज्ञा बॉल घेऊन जाते आहे, परत येते आहे, पुन्हा जाते आहे. सामना संपल्यावर रशीदा आपा माझ्याकडे आली, माझ्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवली आणि अगदी मायेने विचारलं, "बाई, उंची सुखरूप हाय न्हवं?"

त्या क्षणी मी ठरवलं. हिची जिरवायची.

बास्केटबॉलसाठी मी नंतर जे काही केलं, त्याच्या मुळाशी खेळाचं प्रेम वगैरे नव्हतं. हे होतं. आता मी सत्तरी ओलांडली, गुडघे गेले, पण ते मात्र जागेवर आहे. म्हणून तिच्यावर लिहायला बसले. नात म्हणते, "आजी, माणूस जिवंत असताना असं लिहू नये." मी म्हटलं, मेल्यावर लिहिलं तर ती वाचणार कशी?

तर रशीदा आपा. कुणी धिप्पाड खेळाडू बाई डोळ्यांसमोर आणली असेल तर पुसून टाका. लहानखुरी, हाडकुळी, चष्मा दोरीने गळ्यात, साडीवर बारा महिने तपकिरी स्वेटर. तिने आयुष्यात बॉल हातात धरला असेल तर तो उचलून बाजूला ठेवायला. तिचं क्वार्टर मैदानाला लागून होतं आणि बॉल सारखा तिच्या वाळवणावर पडायचा. एक दिवस कुरडयांचा चुरा झाला म्हणून ती मैदानावर भांडायला गेली. तिथे पोरींना शिकवायला कुणी नाही, आपसातच मारामारी चाललेली. भांडायला गेलेली बाई मॅनेजर होऊन घरी आली. कोच म्हणा, मॅनेजर म्हणा, पाणी देणारी म्हणा, सगळं तीच.

आता तिच्या पोरी निवडायच्या पद्धतीबद्दल बोलते, कारण लोक अजून दौंडात त्या पद्धतीच्या आरत्या ओवाळतात. तिकिटाच्या खिडकीला तळाशी ते अर्धगोल भोक असतं ना, त्यातून तिला गिऱ्हाइकाचं तोंड दिसायचं नाही. दिसायचा हात. दिवसभर नुसते हात. रुंद तळव्याचा, लांब बोटांचा बाईमाणसाचा हात आत आला की ती तिकीट द्यायची थांबायची आणि खाली वाकून विचारायची, "काय गं, खेळती का?"

मी एकदा म्हटलं, "आपा, पळता येतं का, उडी मारता येते का, ते नको बघायला? निदान तोंड तरी बघा."

"तोंड बघून काय करू? तोंडानं बॉल धरायचा हाय का?"

ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात काय व्हायचं ते ऐका. एकदा लग्नसराईत मेंदीने रंगलेला एक हात आत आला. हात बघून आपा हरखली. "काय गं, खेळती का?" म्हणत भोकातून वर बघितलं तर मिशा. नवरदेव होता, बायकोला घेऊन सोलापूरला निघालेला. तोही बिचारा घाबरून म्हणाला, "न्हाई मावशी, मी शेतकी खात्यात हाय."

दुसऱ्यांदा एक लेकुरवाळी. तिने मनमाडची तिकिटं मागितली आणि हिने तिला बास्केटबॉल समजावून सांगायला सुरुवात केली. मागे रांग वळून फलाटापर्यंत गेलेली. लोक ओरडायला लागले, "ओ मॅडम, गाडी सुटंल!" आतून आवाज, "सुटू द्या, मागनं दुसरी हाय!" ती बाई खरोखर खेळायला यायला लागली. ती मैदानात असली की तिचं तान्हं बेंचवरच्या पोरी आळीपाळीने मांडीवर घ्यायच्या. बरी खेळायला लागली तेवढ्यात नवऱ्याची बदली झाली आणि गेली. असे हिचे हात. निम्मे वाया गेले. मी आयुष्यभर पेपर तपासले आहेत. माणसं पारखण्याच्या विषयात मी रशीदा आपाला काठावर पास करीन, तेही तोंड फिरवून.

पण दुसऱ्या विषयात, संघ बांधण्याच्या, माझी लाल शाई अडखळते. हे लिहिताना माझ्या पोटात दुखतं आहे, पण लिहिते.

पहिलं म्हणजे, तिने घेतलेली पोरगी कधी परत पाठवली नाही. दौंडचे लोक म्हणतात, काय तिचं मन! मन कसलं? पोरगी परत पाठवायची म्हणजे आपली निवड चुकली असं कबूल करायचं, आणि ते त्या बाईच्याने जन्मात झालं नसतं. "तिकीट दिलं म्हंजी दिलं," एवढंच म्हणायची आणि त्या दगडातून काहीतरी निघेपर्यंत त्याच्या मागे लागायची. माझ्या संघात पोरी मी रेघेवर घ्यायची आणि पहिल्या चुकीला काढायची. तिच्या संघात पोरी कशाही यायच्या आणि राहायच्या.

दुसरं त्याहून विचित्र. सामना चालू असताना ती मैदानाकडे बघायचीच नाही. बेंचवर बसलेल्या पोरींकडे बघत बसायची. आणि कुणाला बाहेर काढायचं, कुणाला आत घालायचं, हे बेंचवरच्या पोरींनी आपसात ठरवायचं. हो, पोरींनी. कुजबुज व्हायची, माना हलायच्या, आणि एकजण उठून सांगायची, "आपा, सुनंदा दमली, मनीषाला घाला." आपा घालायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ही बाई वेडी तरी आहे नाहीतर आळशी.

"मग तुम्ही काय करता, आपा?"

"मी बडीशेप वाटती."

गंमत अशी की तिच्याकडे बेंचवर बसलेली पोरगी कधी तोंड पाडून बसलेली मी बघितली नाही. सगळ्या जणी पुढे वाकून, डोळे फाडून खेळ बघायच्या, कारण ठरवायचं त्यांना होतं. माझ्या बेंचवरच्या पोरी नखं खायच्या आणि आत खेळणारीचा पाय कधी मुरगळतो याची वाट बघायच्या.

आमचं वैर सणासुदीलाही सुटीवर जायचं नाही. त्या हरण्यानंतरच्या ईदेला दौंडहून आलेल्या एका पालकाबरोबर तिने मला शिरखुर्मा पाठवला. स्टीलचा डबा, अरुंद आणि हातभर उंच, तळातला शेवटचा चमचा काढायला मनगट अडकावं असा. सोबत निरोप, "आपांनी सांगितलंय, बाईंना उंच आवडतं." मी संक्रांतीला उलट पाठवणी केली. तिळाचे लाडू, एकेक नारळाएवढा. निरोप, "आपांच्या हातांत मावतील असे." तिने म्हणे ते फोडून सगळ्या कॉलनीत वाटले आणि चांगले झाले होते असं कळवलं. चांगले झाले होते! माझा तर तिचे दात पाडायचा बेत होता.

नुसत्या लाडवांनी तिची जिरणार नव्हती. मग मला एक कल्पना सुचली, आणि सुचली तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. ही बाई हात बघून फसते ना? मग आपणच तिच्या खिडकीत एक हात सोडायचा. असा देखणा हात, की ती तिकिटं सोडून नाचायला लागेल. आणि त्या हाताच्या मागे अशी पोरगी, की जी बास्केटबॉल बघून भोपळा समजेल. शिवाय ही परत पाठवणार नाही. म्हणजे धोंडा कायमचा गळ्यात.

महिनाभर मी शिरूरमध्ये हात हुडकत फिरले. बाजारात भाजी निवडणारे हात, नळावरचे हात, देवळातले हात. लोकांना वाटलं बाईंना भविष्य बघायचा नाद लागला. शेवटी शालन सापडली. तिची आई स्टँडजवळ खानावळ चालवायची आणि शालन तिथे भाकरी थापायची. तिच्या हाताखालची भाकरी परातीच्या कडा मागायची. काय ते हात! आपाने स्वप्नात बघितले असते.

पण मला फक्त हात नको होते, बाकी सगळं निकामी हवं होतं. म्हणून मी रोज संध्याकाळी खानावळीत चहाला जाऊन तिला निरखायला लागले. शंका राहायला नको होती. शालन धावत नाही, हे पहिलं नोंदलं. आग लागली तरी ती चालत जाईल. रेशनच्या रांगेत बायकांनी ढकलाढकल केली तर बाकीच्या हेलपाटतात, ही हलतच नाही. मी म्हटलं, वा, संवेदनाच नाही. गिऱ्हाइकं आईच्या अंगावर ओरडली तर ही चिडत नाही, त्यांच्या ताटात आणखी भाकरी वाढते. मी म्हटलं, अक्कलही नाही. उंच भट्टीपुढे दुपारभर हात वर करून भाकऱ्या उतरवते आणि खांदे दुखले म्हणत नाही. मी म्हटलं, ही तर दगडच. झकास.

योगायोग असा की पुढच्या शिक्षणासाठी ती दौंडला मामाकडे राहायला निघाली होती. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तिथं गेलीस की स्टेशनवर जायचं, बांगड्या काढून ठेवायच्या, आणि तिकिटाच्या खिडकीत हात चांगला कोपरापर्यंत आत घालायचा. आतल्या बाईंनी विचारलं, खेळती का, तर व्हय म्हणायचं."

"कुठलं तिकीट काढू, बाई?"

"कुठलंही काढ गं! तिकिटाला काय महत्त्व आहे?"

आठवड्याभराने शालनचा फोन आला. "घेतलं बाई मला. आपा लई चांगल्या हायत्या. तुम्ही जेवला का?" मी फोन ठेवला आणि त्या दिवशी देवाला दोन उदबत्त्या जास्त लावल्या.

पहिलं वर्ष मनासारखं गेलं. शालनने दौंडसाठी एकही बास्केट केली नाही. बॉल तिच्याकडे आला की ती तो जी कुणी मागेल तिला देऊन टाकायची, मग ती कुणाच्याही संघाची असो. मी लांबून बघून तृप्त व्हायची. तिला आपाने काढून टाकलं नाही, हे बघून जास्तच तृप्त व्हायची. भेटली की मुद्दाम विचारायची, "आपा, ती नवी पोरगी कशी काय?" आपा म्हणायची, "हात चांगलाय तिचा." मी पदर तोंडाला लावायची.

पुढच्या वर्षी यवतला अंतिम सामना शिरूर विरुद्ध दौंड असा आला. एवढी वर्षं मी ज्याची वाट बघत होते तो दिवस. आपाच्या संघाला सगळ्यांसमोर हरवायचं आणि तिच्या तळहातावर मी बडीशेप ठेवायची. त्यासाठी मी घरून पुडी बांधून नेली होती.

मैदानात शिरले तर समोर रेफरी म्हणून अश्विनी. तीच ती, माझी ताडमाड. माझ्याकडून गेल्यावर आपाने तिला पुन्हा कॉलनीच्या मैदानावर बोलावलं होतं. बॉलची भीती वाटते ना, मग बॉलला हात लावू नको, असं म्हणून तिच्या हातात शिट्टी दिली आणि रेफरीच्या परीक्षेला बसवलं. मी आयोजकांकडे तक्रार केली, दौंडची रेफरी चालणार नाही. ते म्हणाले, आसपास पास झालेली दुसरी कुणी नाही. आणि खोटं कशाला बोलू, तिने पक्षपात तीळभर केला नाही. सामना रंगात असताना पाचवा फाउल देऊन तिने बाहेर कुणाला काढलं? प्रज्ञाला. दौंडच्या सगळ्यांत चांगल्या खेळाडूला. मी आनंदाने जागेवर उडी मारली.

आता आपा संपली, असं मला वाटलं. बेंचवर कुजबुज झाली, माना हलल्या, आणि आत कुणाला घातलं? शालनला. मी मोठ्याने हसले. शेजारच्या पालकांना म्हटलं, "बघा आता गंमत."

गंमत झाली. शालन चालत चालत गेली आणि आम्हाला ज्यात बॉल टाकायचा त्या बास्केटखाली उभी राहिली. हात वर. बस. आमच्या उंच पोरी येऊन तिच्यावर आदळायच्या आणि रेशनच्या रांगेतल्या बायकांसारख्या हेलपाटत बाजूला व्हायच्या. ती हलायची नाही. चिडायची नाही. पडलेल्या पोरीला हात देऊन उठवायची आणि परत हात वर. आमचे गुण थांबले. दौंडचे एकेक करत वाढले आणि अगदी शेवटाला दोन्ही संघ बरोबरीत आले.

तेवढ्यात माझी एक पोरगी शालनला धडकून पडली आणि अश्विनीने फाउल आमच्याच पोरीला दिला. माझं डोकं फिरलं. मी धावत रेघेच्या आत गेले आणि यवतच्या भर मैदानात ओरडले, "अगं ए ताडमाड, वरून काही दिसतं का नाही?"

अश्विनी माझ्याकडे वळली. ताठ उभी होती. पाठीत एकही घडी नाही. मी तिला पहिल्यांदाच तिच्या पूर्ण उंचीची बघत होते. माझी रेघ तिच्या खांद्याला आली असती. तिने शांतपणे शिट्टी वाजवली, एका हाताच्या तळव्याला दुसऱ्या हाताची बोटं टेकवली. टेक्निकल फाउल. बाईंना.

म्हणजे दौंडला, कुणी न अडवता, एक फ्री थ्रो. मैदानातल्या कुणीही मारायचा. आपाने बेंचकडे बघितलं. बाहेर बसलेली प्रज्ञा, माझ्या हाताने मी देऊन टाकलेली प्रज्ञा, म्हणाली, "शालनला मारू द्या, आपा. तिचे हात थरथरत न्हाईत."

शालनने बॉल भाकरीसारखा दोन्ही तळहातांत एकदा फिरवला आणि टाकला. तो रिंगवर आपटला, वर गेला, पुन्हा रिंगवर बसला, जरा विचार केला आणि आत पडला. तिची आयुष्यातली पहिली बास्केट. त्या एका गुणाने आम्ही हरलो. तिन्ही पोरी एका ओळीत उभ्या होत्या, शिट्टीवाली, बेंचवरची आणि रिंगखालची, आणि तिन्ही माझ्याच हातून तिकडे गेलेल्या. शालन सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, घसा सुकला असंल तुमचा. पानी आनू का?"

बडीशेपेची पुडी मी येताना न्हावऱ्याच्या स्टँडवर टाकून दिली.

पुढे मी निवृत्त झाले. माझ्या जागेवर शाळेत कोण आलं असेल? प्रज्ञा. मी एकदा काही निमित्त काढून बघायला गेले. सामानाच्या खोलीच्या दाराला तिने निळा रंग दिला होता, चौकटीसकट. चहा मात्र चांगला पाजला.

एवढं होऊनही माझ्याकडे एक गोष्ट शिल्लक होती. सामना हरले तो हरले, पण आपा फसली होती ती फसलीच होती. ज्या हातावर ती नाचली तो मी पेरलेला होता, आणि ते तिला ठाऊक नव्हतं. एवढा एक घास मी वर्षानुवर्षं गालात धरून ठेवला. योग्य वेळी सांगायचं आणि तिचा चेहरा पडताना बघायचा.

ती वेळ गेल्या वर्षी आली. आपा दौंड सोडून भुसावळला लेकीकडे कायमची राहायला निघाली. मी तिचा तो उंच डबा घासूनपुसून घेतला, त्यात लाडू भरले, या वेळी मऊ, आणि स्टेशनवर गेले. जुन्या पोरींनी फलाट भरला होता. शालन सगळ्यांना घरून आणलेल्या भाकऱ्या वाटत होती. आपा गाडीच्या खिडकीशी बसलेली, तोच तपकिरी स्वेटर, आणखी वाळलेली. आज खिडकीच्या आत ती होती आणि गजांतून हात मी घातलेला. तिने माझा हात धरून उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "तुमचा काय उपेग न्हवता, बाई."

मला तेवढंच हवं होतं. मी म्हटलं, "आपा, एक सांगायचं राहिलंय. शालनला तुमच्या खिडकीवर मी पाठवलं होतं. मुद्दाम. महिनाभर हुडकून. तुमची जिरवायची म्हणून." आणि डोळे लावून चेहऱ्याकडे बघत राहिले.

चेहरा पडला नाही. ती बडीशेप चघळत राहिली.

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं. कोपरापत्तुर हात आत घातला आन् म्हणती, एक शिरूर द्या."

शिरूरला रेल्वे नाही. कधी नव्हती. मी ऐटीत 'कुठलंही काढ' म्हणाले होते आणि त्या पोरीने तिच्या ओळखीच्या एकुलत्या एका गावाचं नाव घेतलं होतं.

"म्या म्हटलं, बाळ, शिरूरला गाडी जात न्हाई," आपा सांगत होती. "तर ती म्हणती, मग बाई चिडतील."

इंजिनाने शिट्टी दिली. गाडी हलायच्या बेतात होती. मी खिडकीच्या गजाला धरून जवळजवळ ओरडले, "अहो, मग कळूनसवरून घेतलीत कशाला तिला?"

आपाने माझा तळहात उघडला, त्यावर चिमूटभर बडीशेप ठेवली, माझी बोटं मिटवली आणि म्हणाली, "बाई, बाकीच्या समद्या पोरी तुम्ही रेघ लावून घेतल्या. माझी जिरवायला मातुर तुम्ही एकीला महिनाभर नीट बघितलं. म्हटलं, बाईंनी जन्मात पयल्यांदा बघून निवडलेली पोरगी हाय, ती सोडायची कशी?"